यूडीपीएस खरंच डावीकडचा पक्ष आहे का?

विचारणाऱ्याचे प्रश्न दोन आहेत. पहिला असा: किन्शासा राजधानी असलेल्या काँगोतल्या यूडीपीएस या पक्षाची ओळख सगळीकडे ‘डावीकडे झुकलेला मध्यममार्गी’ आणि ‘देशातला सर्वांत जुना विरोधी पक्ष’ अशी छापलेली असते, तर हा डावेपणा दिसतो कुठे? दुसरा: इतकी वर्षं विरोधात मार खाल्लेला पक्ष २०१९ मध्ये सत्तेवर येताच एवढा बदलला कसा?

परदेशात पैसे गुंतवणाऱ्या कंपन्यांना तिथल्या राजकारणाचा अंदाज देणं हा माझा धंदा. फ्रेंच येत असल्यामुळे मध्य आफ्रिका वाट्याला आली आणि वीस वर्षं किन्शासाला येणं-जाणं झालं. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा पक्ष बदललेला नाही. तो पहिल्यापासून ज्या एका गोष्टीत तरबेज होता, ती गोष्ट सत्तेत बसल्यावर कामाची राहिली नाही, एवढंच.

‘सर्वांत जुना’ हे आधी निकालात काढू. अंतोआन गिझेंगांचा पालू हा लुमुंबावादी (देशाचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांना मानणारा) पक्ष १९६४ चा, आणि यूडीपीएसची स्थापना १५ फेब्रुवारी १९८२ ची. खरा डावा पक्ष शोधायचा तर तोही पालूच. पण २००६ मध्ये पालूने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोझेफ कबिला यांच्याशी हातमिळवणी केली, आधी गिझेंगा आणि मग आदोल्फ मुझितो असे दोन पंतप्रधान दिले, आणि त्यानंतर पक्षाचा रंग उतरत गेला. यूडीपीएसला लोक ‘जुना विरोधी पक्ष’ म्हणतात ते वयामुळे नव्हे. सत्तेच्या पंगतीला बसायचं नाही, हे त्याने सर्वांत जास्त काळ निभावलं म्हणून.

हा पक्ष कामगार संघटनेतून आला नाही, शेतकऱ्यांच्या चळवळीतून आला नाही, विद्यापीठातल्या मार्क्सवादी अभ्यासमंडळातूनही आला नाही. तो हुकूमशहा मोबुतूंच्याच संसदेतून बाहेर पडला. १९७९ च्या जुलैत कासाई प्रांतात कातेकेलायी इथे हिरे वेचणाऱ्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या घातल्या. (मराठीत या प्रांताचं नाव ‘कसाई’ असं छापलेलं दिसतं, आणि दर वेळी माझा घास अडतो. खाटकाशी त्याचा संबंध नाही, ते नदीचं नाव आहे. मी आपलं ‘कासाई’ लिहितो.) काही खासदारांनी चौकशी मागितली. ती दडपली गेली, तेव्हा १९८० च्या शेवटी तेरा खासदारांनी मोबुतूंना ५२ पानांचं खुलं पत्र लिहिलं. एकच पक्ष कायदेशीर असलेल्या देशात, त्याच पक्षाच्या खासदारांनी. जानेवारी १९८१ मध्ये त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी त्यांनी पक्षच काढला, तेव्हा पंधरा-पंधरा वर्षांच्या शिक्षा झाल्या. १९८३ मध्ये माफी मिळाली खरी, पण कुणाला गावी नजरकैद, कुणाला पुन्हा तुरुंग, हे चालूच राहिलं.

या तेरांमधलं पुढे मोठं झालेलं नाव एतिएन चिसेकेदी. जन्म १९३२ चा, लोव्हानियम विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेल्या पहिल्या काँगोली माणसांपैकी एक. त्यांच्या भक्तांना न आवडणारी गोष्ट अशी की १९६५ मध्ये मोबुतूंनी सत्ता बळकावली तेव्हा पहिले गृहमंत्री हेच होते. १९६६ मध्ये राजधानीत चार राजकारण्यांना हजारो लोकांसमोर फासावर लटकवलं, ते त्यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात. मोबुतूंच्या पक्षाचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांतही ते होते. म्हणजे हा माणूस बाहेरून दगड मारणारा नव्हता. घर बांधायला मदत केली आणि मग घराला आग लागल्याचं ओरडून सांगितलं, असा. त्याच्याबरोबर सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाचे माजी अध्यक्ष मार्सेल लिहाऊ होते, ते मोबुतूंच्याच एक्वातर प्रांतातले. कटांगाचे फ्रेदेरिक किबासा मालिबा होते. पहिल्या पिढीत पक्ष एका जमातीचा नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

कार्यक्रम काय होता? कायद्याचं राज्य, बहुपक्षीय निवडणुका, सैनिकांना वेसण. सामाजिक लोकशाही हा शब्द पक्षाच्या कागदपत्रांत आहे, पण जमीन, खाणी, मजुरी यांवर पक्षाने कधी मोठं भांडण उभं केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तांबं, कोबाल्ट आणि हिऱ्यांच्या देशात खाणीबद्दल न भांडणारा डावा पक्ष, हे ऐकूनच कळायला हवं. माझ्या मते हा कायदेपंडितांचा पक्ष होता. युरोपातल्या समाजवादी पक्षांशी मैत्री जमली, त्यांच्या पंक्तीत बसायला पाटी लागते, ती पाटी गळ्यात आली. आफ्रिकेतल्या पुष्कळ पक्षांचं असंच झालंय.

तरीही लोक या पक्षासाठी जीव टाकायचे. का, ते दोन प्रसंगांतून सांगतो.

पहिला १९९१ चा. एप्रिल १९९० मध्ये मोबुतूंनी रडत रडत एकपक्षीय राजवट संपल्याचं जाहीर केलं होतं. सप्टेंबर १९९१ मध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी किन्शासा लुटलं, आणि घाबरलेल्या मोबुतूंनी चिसेकेदींना पंतप्रधान केलं. शपथेच्या कागदावर मोबुतूंना राष्ट्राचे हमीदार म्हणणारे शब्द होते. चिसेकेदींनी पेन काढलं, ते शब्द खोडले आणि मग सही केली. तीन आठवड्यांत पद गेलं. कुठलाही शहाणा राजकारणी म्हणाला असता, सही करा हो, खुर्ची घ्या, मग बघू. या माणसाला ते जमत नव्हतं. तो खोडलेला कागद हाच माझ्या लेखी पक्षाचा खरा जाहीरनामा.

दुसरा प्रसंग नोटांचा, आणि तो मला फार आवडतो. ऑगस्ट १९९२ मध्ये नवी राज्यव्यवस्था ठरवायला भरलेल्या राष्ट्रीय परिषदेने चिसेकेदींना सुमारे ७१ टक्के मतांनी पुन्हा पंतप्रधान निवडलं. मोबुतू त्यांना मानत नव्हते, ते मोबुतूंना मानत नव्हते. महागाई इतकी की सरकारने ५० लाख झाईरची एकच नोट छापली. चिसेकेदी म्हणाले, ही नोट बेकायदा आहे, घेऊ नका. जानेवारी १९९३ मध्ये सैनिकांचे पगार याच नोटांत झाले. सैनिक बाजारात गेले, तर दुकानदार नोट घेईनात. सैनिकांनी बंदुका उचलल्या, शहर पुन्हा पेटलं, त्यात फ्रान्सचे राजदूतही मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने नवं चलन काढलं: तीस लाख जुने झाईर म्हणजे एक नवा. कासाईतल्या लोकांनी ते चलन घेतलंच नाही. देशभर नवी नोट, आणि कासाईत जुन्याच मळक्या नोटांवर व्यवहार. शिवाय नव्या नोटा धडाधड छापल्या जात होत्या आणि जुन्यांची छपाई थांबलेली होती, त्यामुळे कासाईत महागाई बाकीच्या देशापेक्षा कमी राहिली! आपण २०१६ मध्ये सरकारने जुनी नोट रद्द केलेली पाहिली. तिथे लोकांनी नवी नोट रद्द केली होती, एका बडतर्फ पंतप्रधानाच्या शब्दावर. ज्याच्या हातात फौज नाही, तिजोरी नाही, त्याचा शब्द बाजारात नोटेपेक्षा वजनदार. असं उदाहरण मला दुसऱ्या कुठल्या देशात सापडलेलं नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. शब्द चालला तो कासाईत. १९९२-९३ मध्ये कटांगा प्रांतातून (तेव्हा त्याचं नाव शाबा) कासाईच्या लुबा लोकांना (चिसेकेदी त्यांच्यातलेच) हाकलून दिलं गेलं. लिकासी, कोलवेझी या खाणगावांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली लाखो माणसं रेल्वे स्टेशनांवर पडून होती. तिथला गव्हर्नर ज्या पक्षाचा होता, त्या पक्षाच्या नेत्याला मोबुतूंनी चिसेकेदींच्या विरोधात पंतप्रधान केलेलं होतं. हाकलले गेलेले लोक कासाईतल्या म्बुजी-मायीला आले, किन्शासाला आले, आणि त्यांच्यासाठी हा पक्ष कार्यक्रमाचा राहिला नाही, आपल्या माणसाचा झाला. लिहाऊ, किबासा ही नावं मागे पडली. पक्ष अखिल देशाचा म्हणवत राहिला, पण त्याचा कणा कासाईचा झाला. तो आजही तसाच आहे.

किन्शासातल्या लिमेते भागात पक्षाचं मुख्यालय आणि चिसेकेदींचं घर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या चालकाने वाटेत गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला पेपरवाल्याने वर्तमानपत्रं जमिनीवर मांडून ठेवलेली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड. भोवती तीस-चाळीस माणसं उभी. पेपर विकत घेणारा एकही नाही, तो परवडणाराच नव्हता. सगळे मथळे वाचत होते आणि त्यावर हातवारे करून भांडत होते. याला तिथे ‘पार्लमां दबू’ म्हणतात, उभी संसद. पक्षाचा कार्यकर्ता स्वतःला कार्यकर्ता म्हणत नाही, ‘कॉम्बातां’ म्हणतो, लढवय्या. आमचा चालक त्यातलाच, म्बुजी-मायीचा. त्याच्या डोक्यावर एतिएन घालायचे तशी चपटी टोपी. नेत्याला तो ‘या चिचि’ म्हणायचा; ‘या’ म्हणजे थोरला भाऊ, थोडक्यात चिचिदादा. मी त्याला विचारलं, पक्ष सत्तेवर आला तर पहिलं काम काय करेल? तो हसला. ‘पहिलं काम? ते जातील.’ ते म्हणजे कबिला. पुढचं काम त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्या गर्दीत कुणालाच ठाऊक होतं असं मला वाटलं नाही.

आता नकाराचा हिशेब. जोझेफचे वडील लोराँ कबिला यांनी १९९७ मध्ये मोबुतूंना हुसकावलं, तेव्हा चिसेकेदींनी त्यांनाही मानलं नाही. १९९८ मध्ये त्यांना गावी नेऊन टाकलं. २००३ च्या संक्रमण सरकारात एक अध्यक्ष आणि चार उपाध्यक्ष अशी वाटणी झाली, यूडीपीएस बाहेर. २००५ च्या घटनेवरच्या सार्वमतावर बहिष्कार, मतदार नोंदणीवर बहिष्कार, २००६ च्या निवडणुकीवर बहिष्कार. चाळीस वर्षांत पहिल्यांदा होणारी खरीखुरी बहुपक्षीय निवडणूक, आणि देशातला सर्वांत नावाजलेला विरोधी पक्ष घरी. माझ्या मते पक्षाच्या आयुष्यातली सर्वांत महागडी चूक हीच. संसदेत एकही माणूस नाही, म्हणजे अर्थसंकल्प वाचायला शिकलेला माणूस नाही, समितीत बसलेला नाही, जिल्ह्यात कामं करून घेतलेला नाही. २०११ मध्ये एतिएन उभे राहिले: अधिकृत आकड्यांत कबिलांना ४८.९५ टक्के, त्यांना ३२.३३. मतमोजणीत इतके घोळ होते की त्या आकड्यांवर परदेशी निरीक्षकांचाही विश्वास बसला नाही. चिसेकेदींनी काय केलं? लिमेतेच्या घरीच अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि निवडून आलेल्या चाळीसेक खासदारांना संसदेत बसू नका असा हुकूम सोडला. बरेच जण बसले. त्यांना पक्षातून काढलं.

या काढलेल्या लोकांचं पुढे काय होतं, ते मजेशीर आहे. मोबुतूंनी १९९३ मध्ये चिसेकेदींच्या जागी पंतप्रधान नेमला तो फोस्तँ बिरिंद्वा, यूडीपीएसचाच माणूस. जोझेफ कबिलांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये नेमला तो सामी बादिबांगा, संसदेत बसला म्हणून पक्षाबाहेर गेलेला. एप्रिल २०१७ मध्ये नेमला तो ब्रुनो चिबाला, तोही नुकताच पक्षातून हाकललेला. राज्यकर्त्यांना विरोधकांतला पंतप्रधान हवा असला की यूडीपीएसच्या मागच्या दाराशी उभं राहायचं, माणूस आपोआप बाहेर पडतो. पुढचं दार मात्र बंद.

पक्षाच्या आतलं काय? स्थापना १९८२ ची, पहिलं अधिवेशन डिसेंबर २०१० मध्ये. अठ्ठावीस वर्षं लागली. एतिएन १ फेब्रुवारी २०१७ रोजी ब्रुसेल्समध्ये वारले. मृतदेह देशात आणायचा तर अंत्ययात्रेचं आंदोलन होईल ही सरकारला धास्ती, म्हणून तो दोन वर्षांहून जास्त बेल्जियममध्येच राहिला. मार्च २०१८ मध्ये पक्षाने नवा अध्यक्ष निवडला: मुलगा, फेलिक्स. मराठी वाचकाला यावर टिप्पणी करून सांगायची गरज नाही.

फेलिक्सची गोष्ट दोन आठवड्यांत मावते. ११ नोव्हेंबर २०१८ ला जिनिव्हात विरोधकांनी मिळून मार्तँ फायुलूंना उमेदवार ठरवलं, फेलिक्सनी सही केली. किन्शासात बातमी पोचताच कॉम्बातां लिमेतेला जमले, आणि चोवीस तासांत फेलिक्सनी सही मागे घेतली. बापाने कागदावरचे शब्द खोडले होते, मुलाने आपलीच सही खोडली. २३ तारखेला नैरोबीत विताल कामेर्हे या दुसऱ्या विरोधी नेत्याशी वेगळी युती झाली. मतदान ३० डिसेंबरला. निवडणूक आयोगाने फेलिक्सना ३८.५७ टक्के आणि फायुलूंना ३४.८३ टक्के दिले. कॅथलिक चर्चचे जवळपास ४० हजार निरीक्षक देशभर होते आणि बिशप म्हणाले, आमच्याकडची माहिती या निकालाशी जुळत नाही. वृत्तपत्रांच्या हाती लागलेल्या आकड्यांत फायुलू कितीतरी पुढे होते. माझंही मत तेच, फायुलू जिंकले होते. पण संसदेत कबिलांच्या आघाडीकडे पाचशेपैकी तीनशेहून जास्त जागा आल्या, यूडीपीएसला तीसेक, आणि जाणाऱ्या राजाला असा कमजोर वारस सोयीचा होता. २४ जानेवारी २०१९ ला फेलिक्सनी शपथ घेतली. आमच्या चालकाचा त्या दिवशी फोन आला, मागे भोंगे वाजत होते. ‘या चिचि वरून बघतायत,’ म्हणाला. आकड्यांबद्दल बोलायची माझी हिंमत झाली नाही.

डावेपणाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण सत्तेत आल्यावर एक काम असं झालं की पाटी शोभावी. सप्टेंबर २०१९ पासून सरकारी प्राथमिक शाळांतली फी बंद. नव्वदच्या दशकात सरकारने शिक्षकांचे पगार जवळपास थांबवले, तेव्हापासून पालकच दर महिन्याला वर्गणी काढून मास्तरांना जगवत होते. ज्या घरात तीन मुलं, तिथे एकच शाळेत, बहुतेक वेळा मुलगाच. राज्यघटनेत मोफत शिक्षण लिहिलेलं होतंच, फेलिक्सनी ते अमलात आणलं. लाखो मुलं शाळेत आली. वर्गात शंभर-शंभर मुलं, सरकारी पटावर नाव नसलेले बिनपगारी शिक्षक, संप, हे सगळं मागोमाग आलं. तरी या एका कामाचं श्रेय मी हातचं राखून देत नाही.

बाकीचा ताळेबंद मात्र वेगळा आहे. २०२० च्या अखेरीस फेलिक्सनी कबिलांशी असलेली युती मोडली, आणि कबिलांचेच खासदार थव्याने इकडे आले. त्या आघाडीचं नाव ‘पवित्र संघ’. जे लोक कालपर्यंत कॉम्बातांवर अश्रुधूर सोडत होते, ते मंत्रिमंडळात. मे २०२१ मध्ये पूर्वेच्या इतुरी आणि उत्तर किव्हू या दोन प्रांतांत लष्करी राज्यपाल नेमले. ज्याँ-मार्क काबुंड हे पक्षाचे हंगामी अध्यक्ष होते, लिमेतेच्या गल्लीतून वर आलेले. फेलिक्सशी बिनसलं, पद गेलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अपमानासह काही गुन्ह्यांत त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२४ मध्ये फाशीवरची वीस वर्षांची स्थगिती उठवली. पक्ष काढला म्हणून पंधरा वर्षं शिक्षा भोगायला निघालेल्या माणसांचा हा पक्ष.

मग बदलला म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. पक्षाला दोनच गोष्टी येत होत्या: सत्तेला नकार आणि नेत्याला होकार. नकार देण्याजोगी सत्ता समोर उरली नाही, तेव्हा फक्त होकार राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये फेलिक्सना ७३ टक्क्यांवर मतं दाखवली गेली, यूडीपीएसच्या जागा सुमारे ७० झाल्या, संसदेतला सर्वांत मोठा पक्ष. एप्रिल २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या जुदित सुमिन्वा तुलुका देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. सरकारात माणसं आहेत. पक्ष म्हणून धोरण ठरवणारी जागा कुठे आहे ते मला आजही दाखवता येणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरचिटणीस कोण यावरून लिमेतेत दोन गट एकमेकांवर धावले, त्यात कोबाल्ट, पगार, शाळा यांतला एक शब्दही नव्हता.

तुम्ही हे गुंतवणुकीसाठी विचारत असाल तर पाटीकडे पाहू नका, घटनेच्या २२० व्या कलमाकडे पाहा. राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ, आणि ही मर्यादा दुरुस्तीनेसुद्धा बदलायची नाही, असं ते कलम सांगतं. कबिलांनी मुदत संपूनही खुर्ची सोडू नये म्हणून चाललेल्या खटपटीविरुद्ध सप्टेंबर २०१६ मध्ये किन्शासा रस्त्यावर उतरलं, माणसं मेली, आणि २० तारखेच्या पहाटे यूडीपीएसचं लिमेतेचं मुख्यालय जाळलं गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये किसान्गानीला फेलिक्सनी जाहीर केलं की नव्या घटनेसाठी समिती नेमणार. त्यांचा दुसरा कार्यकाळ जानेवारी २०२९ मध्ये संपतो. पक्षाचे नेते घटनादुरुस्तीच्या बाजूने सभा घेऊ लागले.

आमचा चालक आता गाडी चालवत नाही, दोन मोटारसायकली भाड्याने लावतो. किन्शासात असे फटफटीवाले म्हणजे ‘वेवा’, बहुतेक कासाईचे, आणि पक्षाची निम्मी गर्दी त्यांचीच. मागच्या खेपेला त्याला विचारलं, कलमाचं काय? त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. म्हणाला, ‘कबिलांना दोनच होते ना. मग यांनाही दोनच.’ आणि लगेच इकडे-तिकडे पाहून हळू आवाजात: ‘पण हे मी लिमेतेत बोलत नाही.’